टेपखालचा लाल दिवा

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी, माझ्या धाकट्या दिरांचे मित्र, कुणाकुणाच्या मावश्या; सगळे श्वास रोखून कोपऱ्यातल्या अँपकडे, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, बघत होते. दीर याच अँपवर गिटार वाजवायचे. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्यांच्या बँडचा साउंडवाला आता ‘ध्वनिमहाराज’ झाला होता. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर अँपमध्ये चाचणीचे सूर सोडतं, माइकने परत ऐकतं आणि अँपचा आवाज हुबेहूब शिकतं. त्याला कॅप्चर म्हणतात. महाराजांच्या कॅप्चरमधून गिटार छेडली की सूर मात्र घोगरा व्हायचा, फाटायचा.

“ऐका आई! मशीन खोटं बोलत नाही. लेक हुंदके देतोय. अडकलाय तो!”

सासूबाईंनी तोंडावर हात दाबला.

महाराजांनी माझ्या कडेवरच्या लेकराकडे बोट दाखवलं. “बाळाला रोज यासमोर निजवा, आवाज पूर्ण सोडा. काका पुतण्यात उतरेल.”

“बाळाचे कान जातील,” मी म्हणाले.

“शिकलेल्यांना आधीच ऐकू कमी येतं, सूनबाई!” लोक हसले.

सासूबाईंनी हात पसरले. “दे गं त्याला. माझा पोरगा रडतोय.”

मी बाळाला घट्ट धरलं. तेवढ्यात माइक जोडलेल्या रेकॉर्डिंगच्या डबीवर काळ्या टेपचा तुकडा दिसला. बाळ झोपावं म्हणून मीही घरातल्या दिव्यांवर अशीच टेप लावते. महाराजांना कुणाला झोपवायचं होतं?

“पुन्हा कॅप्चर करा,” म्हणत मी टेप ओढली. चाचणीचे सूर सुरू झाले आणि खालचा लाल दिवा पेटला तो पेटलाच.

“हात लावू नका, कोप होईल!”

“कसला कोप?” बँडचा ड्रमर पुढे आला. “माइकचा आवाज वाजवीपेक्षा जास्त घेतला की हा पेटतो, आवाज फाटतो. सॉफ्टवेअर तेच फाटकं शिकतं. तुला हे माहीत नाही होय रे?”

मी दिवा विझेपर्यंत डबीवरचं आवाजाचं बटण मागे फिरवलं. नवं कॅप्चर झालं. ड्रमरने गिटार छेडली. सूर स्वच्छ आला, भावजींच्या हातचा वाटावा असा. महाराज वायरी गुंडाळू लागले.

“आता रडत नाही तो?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई.”

“म्हणजे आता कुठेच नाही.”

मी अँप बंद केला, बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसले.

यंत्र शिकवलं तेच शिकतं. कुणी चमत्कार दाखवला तर त्याने काय झाकलंय ते आधी बघा. आणि ज्याचं माणूस गेलंय त्याच्याजवळ वेळेवर जाऊन बसा. आम्ही बसलो नव्हतो; ती जागा महाराजांनी घेतली.