नऊ जीबीची प्रेमला

आता जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. पण दोन हजार सात साली, बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, मी स्कूटरला किक मारमारून एक हार्ड डिस्क वाचवली.

आमची नात पूर्वा खराडीला कंपनीत असते. परवा ती जेवायला आली तेव्हा तिला हे ऐकवत होतो. तिची आजी, म्हणजे आमची प्रेमला, समोर मटार सोलत होती. ती गप्प होती, म्हणून मला जोर चढला.

"आधी हे ऐक," मी पूर्वाला म्हटलं, "की ज्ञानदेव नावाचा माणूस मला का आवडत नाही."

ज्ञानदेव शेजारच्या इमारतीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. प्रेमला जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गाते. तिच्या अकरा वर्षांच्या कॅसेटी त्याने एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर भरून दिल्या. कॅसेटींना पुढे बुरशी लागली, त्या टाकून दिल्या. म्हणजे हिचा अकरा वर्षांचा आवाज उरला तो फक्त त्या डिस्कमध्ये. उपकार मोठे, मान्य. पण तो आला की चहात वेलची पडायची. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या चहात वेलची पडली नव्हती.

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाचं शूटिंग झालं. एकच फाइल, नऊ जीबीची. ती डिस्कवर जाईना. जागा भरपूर, तरी 'फाइल फार मोठी' असं उत्तर.

ज्ञानदेव म्हणाला, "वहिनी, डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची आहे, फॅट थर्टीटू. त्यात चार जीबीच्या वर एक फाइल मावत नाही. ती नव्या पद्धतीची, एनटीएफएस करू. एका ओळीच्या कमांडने होतं, आतलं काही पुसावं लागत नाही. तरी आधी सगळ्याची कॉपी काढायची. रविवारी येतो."

"या हो भाऊ," ही म्हणाली. "गुळाच्या पोळ्या करते."

गुळाच्या पोळ्या! एप्रिलमध्ये!

कमांड मी विजेच्या बिलामागे टिपून घेतली होती. रविवारपर्यंत कशाला थांबायचं? एका सकाळी ही मैत्रिणीकडे गेली तसा मी कॉम्प्युटरपुढे बसलो. काळी खिडकी उघडली, ओळ टाइप केली. तर ते यंत्र मलाच विचारतं, डिस्कचं सध्याचं नाव काय?

"बरोबर," पूर्वा म्हणाली. "चुकीच्या डिस्कवर चालू नये म्हणून विचारतं."

"मी 'गाणी' लिहिलं. चूक. 'जयभीम' लिहिलं. चूक. मग माय कॉम्प्युटर उघडून पाहिलं. डिस्कच्या चित्राखाली इंग्रजीत लिहिलं होतं, प्रेमला."

"मग?"

"मग काय! परक्या माणसाने माझ्या बायकोचं नाव डिस्कला द्यायचं, आणि ते मी माझ्या बोटाने टाइप करायचं? पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. शेवटी केलं टाइप. एकेक अक्षर दाबताना ज्ञानदेवचं नाक डोळ्यांपुढे आणलं."

काम सुरू झालं. आकडे सरकू लागले. आणि वीज गेली.

"वार कोणता होता?" पूर्वाने विचारलं.

"गुरुवार."

"आजोबा! पुण्यात राहून गुरुवारी सकाळी? दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे मलाही माहितीये!"

"रागात वार आठवतो का कुणाला? यूपीएस केकाटायला लागला. पंधरा मिनिटांची बॅटरी. अर्ध्यात डिस्क बंद पडली असती तर अकरा वर्षं गेली असती. मी खाली धावलो, स्कूटर उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर आणली."

"जिन्याने?"

"जिन्याने. मागून खालच्या मजल्यावरच्या नागोरावांनी धरली. विचार त्यांना."

"ते वारले ना?"

"तेच तर. साक्षीदार उरला नाही. तर स्कूटरच्या बॅटरीची वायर यूपीएसला जोडली आणि किक मारायला लागलो."

"बारा व्होल्टवर कॉम्प्युटर?"

"त्या काळचे व्होल्ट जाड होते. चारशे बारा किका मारल्या. चारशे बाराव्या किकला काळ्या खिडकीत उमटलं, कन्व्हर्जन पूर्ण. एक गाणं इकडचं तिकडे नाही. नऊ जीबीची फाइल सुळकन आत. रविवारी ज्ञानदेव आला तो रिकाम्या हाताने परत गेला."

प्रेमलाने मटारचं ताट बाजूला ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "स्कूटर तुम्ही दोन हजार तीन साली भंगारात घातलीत. वीज गेली, डिस्क उघडेना, आणि तुम्ही बनियनवर ज्ञानदेवभाऊंच्या दारात जाऊन रडलात. डिस्कला नाव मीच द्यायला सांगितलं होतं, गाणी माझी आहेत म्हणून. आणि गाणी वाचली, कारण बुधवारी तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा मी डिस्क पिशवीत घालून भाऊंकडे नेऊन आणली होती. त्यांना म्हटलं, कॉपी आजच काढून ठेवा, आमचे हे रविवारपर्यंत दम धरणार नाहीत."