टाकीवरचा अंगठा

आमचा एवेलिओ मुलखाचा घुम्या. माझा धाकटा भाऊ. पण पोटातलं ओठांवर आणायला त्याला मुहूर्त लागतो. मुहूर्त बघत बसला आणि हातातलं घालवून बसला.

त्याची लाल मोटरसायकल अख्ख्या तुलुआ गावाला ठाऊक आहे. टाकीचा रंग त्यानेच मारलेला, परसात, पपईखाली. लॅकर ओलं असतानाच त्याच्या बायकोने, नूबियाने, वाळलं का बघायला अंगठा टेकवला. ठसा उमटला तो उमटलाच. केवढा ओरडला होता तिच्यावर! वर्षाच्या आत ती तापाने गेली. दुवान, त्यांचा मुलगा, तेव्हा रांगत होता. मग त्या ठशाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

जुलैत गाड्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमाउलीच्या सणाला गावातल्या झाडून साऱ्या गाड्या फुलं-फुगे लावून चर्चसमोर उभ्या राहतात आणि पाद्रीबाबा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी एवेलिओ दिवसभर मेण घासत बसायचा. मशीन नाही, काही नाही. दुवानच्या लहानपणीची मऊ लंगोटं. तुझी लंगोटं अजून नोकरीला आहेत रे, म्हणून मी पोराला चिडवायची. ठशाशी आलं की एवेलिओचं फडकं थांबायचं. तिथे तो नुसत्या करंगळीने, कडेकडेने मेण लावायचा. दुवान विचारायचा, बाबा, एवढा डाग का सोडता? हा म्हणायचा, राहू दे. बस्स. मी किती वेळा डोकेफोड केली असेल, की बाबा रे, पोराला आईचा चेहराही आठवत नाही, एवढं तरी सांग त्याला. तर म्हणे, "ताई, गाडीची किल्ली देईन तेव्हा त्याचा अंगठा तिथे टेकवीन आणि मगच सांगेन."

यंदा त्याचे हात थरथरायला लागले. मेणाचा डबाही उघडेना. तेव्हा ठरवलं, या सणाला पाणी शिंपडून झालं की किल्ली दुवानला. हे मला सांगितलं. पोराला नाही!

सणाच्या आदल्या दुपारी मी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. बापाचे हात चालत नाहीत म्हणून पोराने काय करावं? मित्राकडून पॉलिशचं मशीन मागून आणलं. आम्ही परतलो तर टाकीत माझं तोंड दिसत होतं, सुरकुत्यांसकट. दुवान घामाने निथळत होता आणि आनंदाने नुसता फुलला होता.

"बाबा, तुम्हाला दिवस जायचा, माझं चुटकीसरशी झालं," तो म्हणाला. "आणि तो डाग होता ना, तुम्हाला निघत नव्हता म्हणून सोडायचात ना, तोही काढला. हात फिरवून बघा."

मी तोंड उघडणार, तोच एवेलिओने माझं मनगट धरलं. त्या थरथरत्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. पोराला म्हणाला, छान केलंस. मग स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. म्हटलं, आता तरी सांग त्याला.

"काय सांगू, ताई? तुझ्या हाताने तुझ्या आईला पुसलंस, असं सांगू? जन्मभर स्वतःला खात बसेल तो."

मी त्या मशीनला शिव्या घातल्या. पण मशीनला काय कळतंय? ज्याला कळत होतं तोच मूग गिळून बसला होता. फडक्याने घासणारा हात निदान थांबायचा तरी. पोराच्या हातालाही थांबता आलं असतं, कुणी सांगितलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी चर्चसमोर टाकीवर पाणी पडलं आणि थेंब घरंगळून गेले, इतकी ती गुळगुळीत झाली होती. एवेलिओने खिशातून किल्ली काढून दुवानच्या हातात ठेवली. पोराचे डोळे भरले. मग एवेलिओने त्याचा अंगठा धरला, टाकीवर नेऊन टेकवला आणि तसाच धरून राहिला. कितीतरी वर्षं मनात घोकलेलं, हात आपोआप गेला असणार.

"काय बाबा?" दुवानने विचारलं.

"काही नाही," एवेलिओ म्हणाला. "गुळगुळीत झालीय."

पोरगं हसलं. "म्हटलं नव्हतं मी?"