पिकपची खांदशेकणी

गाडीखाली जायचा मला कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकतो. चौऱ्याऐंशी साल असेल, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सेवाग्राम रोडवर माझं चार टिनांचं गॅरेज. वीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासून कंबर कामातून गेली होती. एकदा खाली सरकलो की वर येताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे उभ्यानं होणारं काम आधी, आडवं होऊन करायचं ते मागे, असा माझा धर्मच झाला होता.

त्या सकाळी नत्थूजी वासुदेवरावांचा पिकप घेऊन आले. ते दिसायच्या आधी गाडीचा आवाज आला. मागच्या चाकांकडून असा रडका सूर निघत होता की समोरच्या हॉटेलातला माणूस चहा गाळायचा थांबला.

"मालक म्हणते, मांगच्या गोळ्याचं तेल बदलून आन," नत्थूजी म्हणाले. "अन् काय बिघडलं ते मिस्त्रीले खोलून पाहाले सांग म्हणे. ते बी येऊन राह्यले दुपारी."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो गोळा. इंजिनाचा जोर त्याच्यातूनच चाकांना मिळतो. कागदावर त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्याकडे गोळा म्हटलं की सगळ्यांना कळतं.

"एवढंच म्हटलं?" मी विचारलं.

"तुह्या हातानं काही झालं असन तं उद्यापासून गाडी रूपराव चालवन, असंबी मले म्हटलं."

रूपराव वासुदेवरावांचा पुतण्या. मॅट्रिक नापास होऊन घरी बसलेला, गाडीवर डोळा ठेवून.

नत्थूजींनी तीस वर्षं वासुदेवरावांची बैलबंडी हाकली. दोन वर्षांपूर्वी बैल विकले आणि पिकप आला, तेव्हा वासुदेवरावांनी जुन्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही, सत्तावन्नाव्या वर्षी लायसन काढून दिलं. नत्थूजी ब्रेक मारताना बैलांना म्हणावं तसं तोंडानं "हो, हो" म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण सावंगीहून रोज आणायचं दूध त्यांनी एक दिवस नासू दिलं नाही. गाडी घरी नेऊन लावली की बॉनेटवर हात फिरवून मगच घरात जात. ती गाडी गेली तर या माणसाकडे काय राहणार, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आता माझं पाप. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ते याच आवाजासाठी आले होते. तेव्हा आवाज बारीक होता. माझी कंबर धरलेली होती, घरी पाहुणे होते. मी स्टुलावरून उठलोसुद्धा नाही. "टायरचा आवाज हाय नत्थूजी, जा घरी," म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं. नत्थूजींना माझा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. ते गेले आणि गाडी पुढचे अडीच महिने तशीच पळवली.

खाली सरकलो. गोळ्याला दोन बोल्ट असतात, वरचा तेल भरायचा आणि खालचा काढायचा. मी नेहमी आधी वरचा सोडवून बघतो. खालून सगळं तेल सांडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागची हलत नाही. एवढी एक अक्कल माझ्याकडे आहे. वरचा निघेना. पान्याला पाइप लावून जोर केला, कंबरेतून कळ गेली, पाच-सहा शिव्या दिल्या, तेव्हा करकरत फिरला. बोल्टच्या आट्यांवर काहीतरी पिवळट, चिवट वाळून बसलं होतं. दाराच्या चौकटीला पाजलेलं तेल वाळतं ना, तसं.

मग खालचा सोडला. गिअर ऑइल असं धो-धो पडतं. हे पडेचना. बऱ्याच वेळानं काकवीसारखी घट्ट धार घमेल्यात उतरायला लागली. मी बोट लावून वास घेतला. जवसाचं तेल. स्वयंपाकातलं. आणि त्यात हळद.

चिडलो तर होतोच, पण ओरडायलाही जीव लागतो.

"नत्थूजी," मी खालूनच म्हटलं, "हे काय टाकलं?"

ते उकिडवे बसले आणि वाकून बघायला लागले. "खराब झालं का? घाण्यावरचं होतं, एकदम साजरं."

"कवा टाकलं?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांदशेकणी नाई का रायत?"

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. तेल-हळद कोमट करून जू घासलेल्या जागी चोळतात. वर्षभर ओझं ओढलेल्या खांद्याला एक दिवसाचा आराम.

"दावणीले बैल नाईत," नत्थूजी म्हणाले. "तीस वर्सं ज्या दिवशी हातानं तेल लावलं, त्या दिवशी रिकामा बसून होतो. हे बी ओढतेच नं बाप्पा ओझं. याले खांदा कुठं हाय ते मले समजे ना. तुलेच इचारलं होतं मांगं, जोर कुठून लागते म्हणून. तू म्हटलं, या गोळ्यातून. मंग काळं तेल काढून टाकलं अन् हे घातलं. सणाच्या दिवशी काळं कायले ठेवाचं?"

जवसाचं तेल गरम होतं तसं आटतं, चिकट होतं, शेवटी वाळून राळ होते. बंडीच्या लाकडाला ते अमृत, गोळ्यातल्या गिअरच्या दात्यांना विष. पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. दिवाळीत मी खाली गेलो असतो तर तेव्हाच हा वास आला असता, दात्यांना ओरखडासुद्धा पडला नसता, आणि चार शब्दांत सगळं मिटलं असतं.

गोळ्यात तीन वेळा घासलेट घालून चाकं फिरवली, राळ सुटेपर्यंत. भोकातून बॅटरी मारून पाहिलं, दात्यांवर ओरखडे होते, पण तुटलं काही नव्हतं. नव्वद नंबरचं नवं ऑइल भरलं. वरच्या भोकात नत्थूजींना बोट घालायला लावलं. बोटाच्या टोकाला तेल लागलं की पुरे, हे त्यांना दाखवलं. त्यांनी शहाण्या पोरासारखी मान हलवली. घमेलं नालीत रिकामं करायला उचललं, तेवढ्यात वासुदेवराव स्कूटरवरून उतरले. मागे रूपराव.

वासुदेवराव शेतकरी माणूस. वास घेण्यासाठी त्यांना वाकायचीही गरज पडली नाही. "जवस हाय हे," ते म्हणाले.

"म्याच टाकलं मालक," नत्थूजी म्हणाले. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित वासुदेवराव हसले असते.

वासुदेवराव रागावले नाहीत. थकल्यासारखे माझ्याकडे वळले. "दिवाळीत याले तुह्याकडं धाडलं होतं. तू खोलून पाह्यलं नाई का?"

त्यांचा पिकप आणि दोन ट्रॅक्टर, अर्धं गॅरेज त्यांच्यावरच चालायचं. खरं बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. मी हातातला बोळा पिळत राहिलो.

"मी आलोच नाई इकडं," नत्थूजी म्हणाले. "हॉटेलात चहा पेलो अन् वापस गेलो. कंटाळा आलता, तवा तुमच्याशी खोटं बोललो मालक."

वासुदेवरावांनी हात पुढे केला. नत्थूजींनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला. वासुदेवरावांनी ती रूपरावकडे दिली आणि स्कूटरला किक मारली.

रूपराव गाडीत चढेपर्यंत मी नत्थूजींच्या जवळ गेलो. "काऊन असं केलं?" मी हळूच विचारलं.

"माह्यं तं जाऊनच राह्यलं होतं," ते म्हणाले. "तुह्यं कायले बुडवाचं?"

पुढे बसायला जागा होती. पण ते मागे दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये चढले. रूपरावनं गाडी एका झटक्यात सोडली, कॅन एकमेकांवर आदळले. मी रस्त्यावर उभा राहून ऐकलं. तो रडका सूर गेला होता. नत्थूजी मागच्या फाळक्याला धरून, मान कलती करून तेच ऐकत होते. वळणावर त्यांनी मला हात केला, काम बरोबर झालं म्हणून.

नंतर नऊ वर्षं वासुदेवरावांच्या गाड्या माझ्याकडेच आल्या. मी त्यांना कधीच सांगितलं नाही.