कार्ले फाट्यावरचा स्कॅनर

"ताई कुटं हायेत?" ट्रॅक्टरला बांधून आणलेल्या गाडीतून उतरता उतरताच कोंडूनं विचारलं.

हनुमंतनं हातातला पाना खाली ठेवला. सकाळपासून चौघं आले होते. कोंडू धरून तिघांना ताई हव्या होत्या. चौथ्यानं ‘भाऊ’ अशी हाक मारली खरी, पण त्याला बेडशाच्या लेण्यांचा रस्ता विचारायचा होता.

ताई म्हणजे यशोधरा, हनुमंतच्या धाकट्या भावाची बायको. कार्ले फाट्यावरच्या या शेडमध्ये हनुमंत सव्वीस वर्षं गाड्यांची वायरिंग करत होता. यशोधरा आली दोन वर्षांपूर्वी, आयटीआय करून, गाडीतला बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर घेऊन. हनुमंत त्याला ‘डबडं’ म्हणायचा. आणि ती जेवायला गेली की हात पुसून तेच डबडं न्याहाळत बसायचा. इंग्रजी अक्षरांशी झटून झटून पडद्यावरचं बरंचसं त्याला वाचता येऊ लागलं होतं. हे त्याची बायको चंपा हिलाही ठाऊक नव्हतं.

कोंडूची गाडी जुनी, पण त्याच्या घरातली पहिलीच. काल एकवीरेच्या पायथ्याला तिची पूजा झाली. आज ती चालू होईना.

यशोधरानं स्कॅनर जोडला. "काका, चावी फिरवा. हं... गाडी चावी ओळखत नाहीये. चावीत चिप असते. ती पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. चोरी होऊ नये म्हणून."

"म्हंजी माजीच गाडी मला चोर म्हनती व्हय?"

"नोंद दोन चाव्यांची आहे. पण ओळख पटलीय का, तर ‘नो’." तिनं तीनदा करून पाहिलं. "चिप गेली असणार."

पूजेच्या लाल दोऱ्यात दोन्ही चाव्या एकत्र बांधलेल्या. एक कुलपात, दुसरी तिला खेटून लोंबत होती. चुळबुळ करता करता कोंडूनं ती बाजूला ओढली आणि पडद्यावर ‘येस’ उमटलं. यशोधरा तेव्हा कोंडूशी बोलत होती. पक्कड शोधायच्या निमित्तानं तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या हनुमंतनं मात्र ते पाहिलं. कोंडूनं चावी सोडली. पुन्हा ‘नो’.

दोन्ही चिपा एकदम उत्तर देत होत्या, म्हणून गाडी गोंधळत होती! ‘पडदा बघ’ एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. हनुमंत पक्कड शोधत राहिला.

"काका, माझ्याकडून नाही होणार," यशोधरा शेवटी म्हणाली.

"सर जरा," हनुमंत म्हणाला. त्यानं डॅशबोर्डला कान लावला, डोळे मिटले, मान डोलावली. "कोंडू, ती दुसरी चावी लांब धर. दोरा न्हाई सोडायचा, नुसता ताण. आता फिरव."

इंजिन घुरघुरलं.

"आरं तिच्या! भाऊ, तुमच्यापुढं हे मशीन म्हंजी लय फालतू! आमच्या साऱ्या बेडशात सांगतो."

"भावजी, कसं ओळखलंत?" यशोधरानं विचारलं.

"कानानं. सव्वीस वर्षं झाली."

ती फुरंगटेल, निदान तोंड तरी पाडेल, असा त्याचा अंदाज होता. तिनं स्कॅनरची वायर काढली, नीट गुंडाळली, पेटीत ठेवली.

"काका, पाच मिनिटं गाडी चालूच ठेवा."

ओढणी कमरेला खोचून ती डॅशबोर्डवर वाकली. कान टेकवला. डोळे मिटले.

"कुठला आवाज, भावजी? मला नाही ऐकू येत."

कोंडू कौतुकानं दोघांकडे बघत होता. हनुमंतनं पाना पुन्हा हातात घेतला.

"नीट ऐक," तो म्हणाला.

ती आणखी खाली वाकली.