श्वास घेणारी राख

कामगार वसाहतीच्या पटांगणात भरदुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेची बरणी, बरणीत ओली राख, आणि राख चक्क श्वास घेत होती! फुगायची, वर बुडबुडा यायचा, फुटायचा. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या अंगावर काटा आला.

"तुमच्या भट्टीत कचरा नाही, जीव जळतात," बरणीमागे बसलेले राखबाबा म्हणाले. "तेच हे उसासे टाकतायत. मी काही करत नाही बरं! तुम्ही फक्त मन रिकामं करून या."

डोकी तर लोकांनी घरूनच रिकामी करून आणली होती.

शेजारणीचा निरोप मिळताच क्रेनवाली कारखान्यातून धावत आली. इतर कशाच्याच कामाचा न उरलेला कचरा ती क्रेनच्या पंजाने भट्टीत सोडायची आणि त्या आगीवर वीज व्हायची. आज ती गर्दीतून वाट काढत पुढे घुसली. तिची सहा वर्षांची, दम्याची लेक बाबांसमोर सासूबाईंच्या मांडीवर होती.

"श्वास घेणारी राख पोरीला श्वास देईल," बाबांनी चमचा भरला. "जीभ काढ, बाळ."

"थांबा!"

"गप्प बस गं," सासूबाई रडकुंडीला आल्या. "पोर धापा टाकते, मला बघवत नाही."

बघवत तर तिलाही नव्हतं. खरंच गुण आला तर? आणि त्या राखेत खरंच जीव असतील, तर ते आपल्याच हातांनी भट्टीत टाकलेले! तिने पुढे होऊन चमचा हाताने अडवला. मग तिला राखेच्या यार्डातला नियम आठवला. विटांसाठी ताजी राख घ्यायची नाही. तीन महिने उघड्यावर मुरवायची, नाहीतर विटा फुगून फुटतात. मुरलेली राख फुगत नाही. मग जीव काय तीन महिन्यांनी रजेवर जातात?

भिंत रंगवायला आणलेल्या चुन्याची बादली शेजारीच होती. तिने पेलाभर चुन्याचं पाणी घेतलं आणि आपल्या डब्यातली ॲल्युमिनियमची फॉइल फाडून त्यात टाकली. एक मिनिट गेलं. काही नाही. बाबा हसले. मग एक बुडबुडा आला, आणि पाठोपाठ पेला फसफसू लागला.

"बाबा, माझ्या फॉइललाही जीव आला का?" तिने पेला बाबांसमोर धरला. "राखेत चुन्यासारखा क्षार असतो, ॲल्युमिनियमचे कण उरलेले असतात. पाणी पडलं की वायू सुटतो. म्हणून यांना आमच्या यार्डातून रोज ताजी राख चोरावी लागते! त्या राखेत शिसंही असतं. आम्ही हातमोज्यांशिवाय तिला शिवत नाही."

बाबांनी गाशा गुंडाळला. चपलासुद्धा तिथेच राहिल्या.

"कोणी कोणी चाटलीय?" तिने विचारलं.

एक हात वर झाला. मग दुसरा, तिसरा. शेवटी सासूबाईंचा.

"दोन दिवस मी घेऊन पाहिली," त्या पुटपुटल्या. "पोरीला काही अपाय नको म्हणून."

क्रेनवालीने त्यांचा हात घट्ट धरला. "आई, चला, आधी दवाखान्यात. सगळेच चला."

लोकहो, म्हातारीने पारखून पाहिलं, हे चांगलंच केलं. पण पारखलं स्वतःच्या जिवावर, आणि जाणत्या माणसाला विचारलं नाही. चमत्कार दिसला की घाबरा हवं तर, पण आधी प्रश्न विचारा. जीभ त्यासाठी बाहेर काढावी लागत नाही.