बोचक्याची लोकर

अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढल्यामुळे गल्लीत सगळे तिला ऑपरेटरबाईच म्हणत. ती निवृत्त झाली, तो बोर्डही निघाला, त्या खोलीत आता औषधांची खोकी ठेवतात म्हणे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिची हरकत नव्हती. नवरा लेक लहान असतानाच गेला होता आणि खऱ्या नावाने हाक मारणारं आता तसं कुणी उरलंही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक चिंचोळी गॅलरी आणि त्या जागेच्या मानाने फारच मोठं असं एक कुत्रं. कुत्रं लेकीचं. कॉलेजात असताना एका संध्याकाळी जर्किनच्या आत लपवून तिने ते घरी आणलं होतं. जमिनीवर ठेवलं तर त्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हेच कळेना, नुसते केस. "हे कसलं बोचकं उचलून आणलंस?" आई म्हणाली आणि तेच त्याचं नाव पडलं. पुढे लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. चार महिने सांभाळ, जागा मिळाली की नेते, असं सांगून ती गेली. जागा मिळाली, ती बदलली, लग्न झालं, जागा पुन्हा बदलली. बोचकं मात्र आईकडेच राहिलं.

दर रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा. इतकी वर्षं फोनवर काढलेली बाई बोलण्यात पटाईत असणार असं लोकांना वाटे, पण ऑपरेटरबाईने जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं. स्वतःचं काय सांगायचं हे तिला कधी सुचायचं नाही. मग ती बोचक्याच्या केसांबद्दल बोलायची. थंडी सरताना आणि परत थंडी तोंडावर आली की ते केस गाळायचं, आणि गाळायचं म्हणजे घरभर. पलंगाखाली पुंजके लोळत, चहाच्या कपात केस, उशीवर केस, धुतलेल्या साडीवर केस. "वैताग आणलाय नुसता या कुत्र्याने," ती सांगायची आणि पलीकडे लेक हसायची. ते हसणं ऐकलं की तिचा रविवार बरा जायचा. म्हणून पुढच्या रविवारी ती गाऱ्हाणं थोडं वाढवून सांगायची.

एकदा ती बाजारात लोकरीच्या दुकानात गेली होती. दुकानाची मालकीण जाडजूड, कमी बोलणारी, सगळे तिला लोकरवाली म्हणत. सुया दाखवता दाखवता तिने ऑपरेटरबाईच्या बाहीवरचा केसांचा पुंजका चिमटीत उचलला, दोन बोटांत पीळ दिला आणि बघता बघता त्याचा वीतभर धागा केला.

"कुत्रं आहे का घरी?"

"आहे ना. टोपलीभर केस टाकते मी रोज."

"टाकू नका," लोकरवाली म्हणाली. "वरचे राठ केस काढायचे, आतली मऊ लव ठेवायची. मी दाखवते."

लोकरवालीने तिला लाकडी टकळी दिली आणि दोन-चार दुपारी दुकानात बसवून शिकवलंही. केस कोमट पाण्यात साबणाने हलक्या हाताने धुवायचे, चादरीवर सावलीत वाळवायचे, दोन दाताळ्या ब्रशांवर पिंजायचे, त्याचे बोटाएवढे पेळू करायचे आणि मग टकळीला गिरकी देऊन कातायचं. ऑपरेटरबाईचा पहिला धागा इथे दोरखंडासारखा तर तिथे जाळ्यासारखा झाला. शिवाय ओला झाला की त्याला ओल्या कुत्र्याचा वास यायचा. दोन-तीनदा सोड्याच्या पाण्यात बुडवल्यावर तो गेला. बोचक्याला या प्रकाराचं भारी कुतूहल. टकळी खाली सुटली की ते पंजा मारायचं, धागा तुटायचा, ऑपरेटरबाई रागवायची आणि ते कान पाडून तिच्या पावलावर हनुवटी टेकवायचं. शेवटी पाऊल अवघडून मुंग्या यायच्या, पण ती ते हलवायची नाही.

धागा सारखा येऊ लागला तसा तिच्या मनात बेत आला. लेकीसाठी शाल करायची. दुकानातली नव्हे, बोचक्याच्या केसांची. तिकडे थंडी जास्त आहे म्हणे. तिने हे फोनवर सांगितलं नाही. आल्यावर खांद्यावर टाकायची आणि मग सांगायचं, असं ठरवलं.

कुत्र्याच्या केसांतून शाल ही काही महिन्याभराची गोष्ट नव्हती. थंडी सरताना भरपूर लव मिळायची, ती कातण्यात उन्हाळा जायचा. उन्हाळ्यात बोचकं न्हाणीघराच्या फरशीवर चारी पाय फाकून पडायचं आणि ती दारात बसून पेळू करायची. गॅलरीत पिंजायला बसलं तर वारा अर्धी लव पळवून न्यायचा, समोरच्या झाडावरच्या चिमण्या ती घरट्यासाठी उचलायच्या. पाऊस सुरू झाला की काही वाळायचं नाही, मग टकळी बंद आणि विणकाम सुरू. पानं गळायला लागली की परत थोडी लव. तीन वर्षं हे चाललं. शाल भुरकट, कडेला साखर करपल्यासारखी तपकिरी, आणि इतकी मऊ की लोकरवालीने ती हातात घेतली आणि जरा वेळ परतच दिली नाही.

शालीची शेवटची कड बाकी असताना लेकीने सांगितलं की ती आणि जावई गाडीने येताहेत, चार दिवस राहतील. ऑपरेटरबाईने घर धुऊन काढलं, पडदे बदलले, आणि कड संपवून शाल घडी करून कपाटात ठेवली.

ती दोघं आली तेव्हा बोचकं लेकीला बघून वेडं झालं. इतक्या वर्षांनीही त्याने तिला ओळखलं होतं. ते ओरडत, लोळत, तिच्या चपला तोंडात धरून घरभर पळत सुटलं. लेक जमिनीवर बसून रडली आणि हसली. जेवणं झाल्यावर, भांडी पुसता पुसता, तिने खरी गोष्ट काढली. त्यांनी आता स्वतःचं घर घेतलं होतं, तळमजल्याचं, मागे मोठी बाग. बोचकं म्हातारं होत चाललंय, तीन मजले चढताना मागचे पाय ओढतंय हे तिने दुपारीच पाहिलं होतं. आणि आईला तरी किती वर्षं त्रास द्यायचा? दर रविवारी ऐकतेय, केस, केस आणि केस. म्हणून ते बोचक्याला न्यायलाच आले होते.

जावई म्हणाला, "आई, आता तुम्ही सुटलात. आमची पाळी."

ऑपरेटरबाईच्या हातात एक ताटली होती. ती तिने पुसली, मांडणीत ठेवली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "हो, पाय दुखतात त्याचे. तिथे बरं पडेल." एवढंच ती बोलली. उरलेले तीन दिवस ती बोचक्याच्या सवयी लेकीला सांगत राहिली. भाकरी कोरडी खात नाही, फटाक्यांसारखा आवाज झाला की पलंगाखाली जातं, डावा कान खाजवलेला आवडतो. शाल तिने कपाटातून काढलीच नाही. एकदा कपाट उघडून तिला हात लावला आणि दार परत लावून टाकलं.

निघताना जावयाने बोचक्याला उचलून तिन्ही जिने खाली नेलं. ते मागच्या सीटवर बसलं, पलीकडच्या खिडकीतून एका मांजराकडे बघत. गाडी वळली तेव्हाही ते मांजराकडेच बघत होतं.

घर स्वच्छ राहू लागलं. सुरुवातीला कोपऱ्यातून एखादा पुंजका निघायचा, मग तेही थांबलं. केर काढायचा म्हणून काढायचा, सुपलीत काही यायचंच नाही. सकाळी तिला जाग यायची ती फिरायला न्यायच्या वेळेला. घरात बसवेना म्हणून ती एकटीच त्याच रस्त्याने जायची, त्याच कोपऱ्यांवर उगाच थांबायची. तेव्हा तिला एक गोष्ट कळली. पाववाला, शाळेचा पहारेकरी, काठी घेऊन फिरणारे ते आजोबा, ही सगळी रोज थांबून दोन शब्द बोलणारी माणसं बोचक्याच्या ओळखीची होती. एकट्या बाईला बघून ती नुसती मान हलवायची आणि पुढे जायची. पाववाल्याने तर पहिले काही दिवस ओळखलंही नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, एखादं मांजर पाळा की, केस कमी. ती बरं म्हणाली आणि जिना चढली.

रविवारचा फोन येतच होता, पण आता सांगायला केसही नव्हते. लेकच बोलायची. बोचक्याने बागेत खड्डा खणला, शेजारच्या बदकांशी मैत्री केली, पायांना औषध चालू आहे. "छान," ऑपरेटरबाई म्हणायची. "आणि तू कशी आहेस?" लेक विचारायची. "मी मजेत," ती म्हणायची, आणि फोन पूर्वीपेक्षा लवकर संपायचा.

थंडी पडल्यावर जावयाने तिला बोलावलं, पंधरा दिवस या म्हणाला. दिवसभराचा बसप्रवास होता, गारठा होता. निघताना तिने कपाटातून शाल काढली आणि पांघरली.

फाटकातून आत शिरली तर बोचकं बागेतून धावत आलं. मागचे पाय आता बरेच सुधारले होते. ते तिच्या अंगावर उभं राहिलं, शालीत नाक खुपसून हुंगत राहिलं, बाजूला व्हायलाच तयार नाही. लेकीला गंमत वाटली. तिने शालीचं टोक हातात घेतलं, बोटांत चोळलं, आणि एकदम थांबली. मग कुत्र्याकडे पाहिलं.

"आई, ही कसली लोकर आहे?"

"त्याचीच."

"तू केलीस? कधी?"

"तीन वर्षं करत होते. कातलं, मग विणलं."

लेक पायरीवर बसली. "पण तू तर टाकून देत होतीस केस. किती कुरकुर करायचीस."

"दुसरं काय बोलायचं सुचायचं नाही गं," ऑपरेटरबाई म्हणाली. "आणि तू हसायचीस."

लेकीने बोचक्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिने विचारलं, शाल कुणासाठी केली होती.

"तुझ्यासाठीच. पण तू त्याला न्यायला आलेलीस. दोन्ही द्यायला मन झालं नाही माझं."

"मग तेव्हा का नाही बोललीस? मी नेलं नसतं त्याला."

"तू विचारलं नव्हतंस. तू सांगितलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं तिने ते सांगितलं, पण लेकीने शालीचं टोक सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्या रात्री जेवताना लेक म्हणाली की बोचक्याला परत घेऊन जा. जावयाने मान डोलावली, मी स्वतः सोडायला येतो म्हणाला. ऑपरेटरबाईने लगेच हो-नाही केलं नाही. पंधरा दिवस ती बोचक्याला बघत राहिली. ते सकाळी आपणहून बागेत जायचं, कुणी दार उघडायची गरज नव्हती. बदकांच्या कुंपणापाशी बसायचं. दुपारी पायरीवर उन्हात पडायचं आणि लेक कामावरून यायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभं राहायचं. ऑपरेटरबाईच्या पावलावर ते अजूनही हनुवटी टेकवायचं, पण फाटक वाजलं की उठून जायचं. तिच्या घरी त्याला दिवसातून दोनदा तीन जिने होते, आणि उचलून नेण्याची ताकद तिच्यात नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी तिने सांगितलं, "राहू दे इथेच. तिथे मी त्याला वर कसं नेऊ?"

मग तूच इथे राहा, असं लेक म्हणाली आणि मनापासून म्हणाली. ऑपरेटरबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला. तिच्या दोन खोल्या तिथे होत्या, तिच्या सवयीच्या. इथे सगळे चांगले होते, पण कप कुठल्या फळीवर ठेवायचा हेसुद्धा तिला विचारावं लागायचं. दर थंडीला येईन, असं तिने कबूल केलं. शाल तिने लेकीच्या खांद्यावर टाकली. लेक नको नको म्हणत होती, तरी टाकली.

निघताना बोचकं उन्हात गाढ झोपलं होतं, पाय स्वप्नात पळत होते. लेक त्याला उठवायला वाकली तर ऑपरेटरबाईने तिला अडवलं. जावयाने तिची पिशवी बसपर्यंत पोचवली.

थंडी सरत आली तेव्हा ती लोकरवालीच्या दुकानात गेली. लोकरवालीने बाहीकडे पाहिलं, बाही स्वच्छ होती. ऑपरेटरबाईने मेंढीची लोकर मागितली, न कातलेली. घरी येऊन गॅलरीत बसून तिने टकळीला गिरकी दिली. मेंढीची लोकर तेलकट, लांब तंतूंची, बोटांतून भलतीच सरकत होती, आणि हात जुन्या सवयीने हळू ओढत होते, त्यामुळे धागा जाड, गाठाळ येत होता. तिने तो तोडला आणि पुन्हा सुरुवात केली. हे नव्याने शिकायला वेळ लागणार होता, आणि वेळ तिच्याकडे भरपूर होता.