मघाचे ठोके

खाटेवर: सात नंबरचे नानासो बोटाची क्लिप काढून निवांत तंबाखू मळत होते.

पडद्यावर: नानासोंचे ठोके चौऱ्याऐंशी.

संयोगितानं काचेतून खाटेकडं पाहिलं, मग पडद्याकडं. मिरजेच्या त्या रुग्णालयात हृदयरोग्यांचा वॉर्ड नर्स म्हणून तिच्या ताब्यात होता. प्रत्येकाच्या बोटाला क्लिप. क्लिपमधले ठोके वाय-फायनं तिच्या टेबलावरच्या पडद्यावर यायचे आणि क्लिप सुटली की गजर व्हायचा. आज झाला नव्हता.

ती तरातरा आत गेली.

"आवं नाना, डॉक्टरांनी बघितलं तर मला घरी बसवतील."

"त्यालाबी दे चिमूटभर," नानासो म्हणाले, खटावचे निवृत्त सुभेदार. "लय वैतागल्यागत दिसतोय."

तिनं पुडी काढून घेतली, क्लिप चढवली, टेबलाशी परतली.

तेव्हा गजर झाला. खाट सात, क्लिप निघाली.

काचेपलीकडं नानासोंच्या बोटाला क्लिप घट्ट होती.

संयोगिताला उमगलं, आकडे उशिरा येत होते. पडद्यावरचे नानासो मघाचे होते. बाकीच्या अकरा खाटाही मघाच्याच. खाटांजवळच्या यंत्रांचे आवाज वॉर्डात कायम बंद ठेवत, पेशंटना झोप लागावी म्हणून. सगळ्यांचा कान म्हणजे हा एकच पडदा.

वाय-फायची देखभाल करणारा इंद्रजित सांगलीत होता. तिनं फोन लावला. त्यानं आधी विचारलं, भेटायची वेळ चालू हाय का? होती. वॉर्डात, जिन्यात नातेवाइकांची दाटी, आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन.

इंद्रजितच्या ध्यानात आलं. मग सांगू लागला. वॉर्डात रेंज येत नाही म्हणून मोबाइल कंपनीनं गेल्या आठवड्यात गच्चीवर एक डबा बसवला होता. त्या डब्याच्या स्वतःच्या लहरींवर फोनची गर्दी झाली की तो वाय-फायच्या मोकळ्या लहरींवर उतरतो. त्या लहरी कुणाच्याच मालकीच्या नाहीत. रीत एवढीच, आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर बोलायचं.

"मग तो ऐकत न्हाई का?"

"ऐकतो, ताई. पण खालून बारीक आवाज आला की त्याला वाटतं, कुणीच बोलत न्हाई. आणि आपली यंत्रं त्याचं संपायची वाट बघत बसतात."

"कितीक वेळ?"

"गर्दी असंल तवर."

बंद कर, ती म्हणाली. डबा कंपनीच्या हातात होता; इंद्रजित त्यांना फोन करणार होता. म्हणजे आणखी उशीर.

तिनं टेबल दुसऱ्या नर्सवर सोपवलं. खाटांजवळचे आवाज हातानं वाढवायचे ठरवलं आणि राउंडच्या सवयीनं एक नंबरपासून सुरुवात केली. एक. दोन.

खाटेवर: नानासोंना मुलाचा व्हिडिओ कॉल आला होता. जयराज लडाखला जवान. चित्र इतकं स्वच्छ, की नानासो शेजारच्यांना त्याच्यामागचा बर्फ दाखवत होते.

तीन.

"नाना?" फोनमधून आवाज आला. "नाना, दिसंना झालासा. कोण हाय का तिथं? नाना बोलंनात."

संयोगिता वळली. फोन छातीवर पालथा पडला होता. नानासोंचा चेहरा राखेसारखा.

ती धावली. डॉक्टरांना हाक मारून तिनं दोन्ही तळहातांनी छाती दाबायला सुरुवात केली. टेबलाजवळची नर्स शॉकचं यंत्र ओढत आली. दारात माणसं गोळा झाली. काय झालं ते घरी सांगायला एकेकानं फोन कानाला लावला.

पडद्यावर: नानासोंचे ठोके चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी एकदा शॉक दिला. मग दुसऱ्यांदा. संयोगिताची बोटं मनगटावर होती. काहीच नाही. काहीच नाही. मग एक ठोका, कच्चा. मग दुसरा.

"आले," ती म्हणाली.

त्याच वेळी टेबलावर गजर वाजू लागला. तिथं बघायला कुणी नव्हतं आणि साऱ्या खाटांचा गजर सारखाच.

"मघाचा असेल, नानांचा," डॉक्टर म्हणाले.

असेल. संयोगितानं मान वर केली. चार नंबरची दगडाबाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. तिच्या यंत्राचा आवाज वाढवायचा राहिला होता. बाई निजली होती, की गजर तिचाच होता?

चादरीत पडलेल्या फोनमधून जयराज विचारत होता, नाना बरे हायती न्हवं, कुणीतरी सांगा.

तिनं फोन उचलला आणि बंद केला, तेवढीच गर्दी कमी. नानासोंचं मनगट दुसऱ्या नर्सच्या हातात दिलं आणि चार नंबरकडं धावली.